निरोप पोहोचला का?

आरोग्यशिक्षणाचा तास जिथे होतो, अशा कोणत्याही कॉलेजात कपाटाच्या डोक्यावर नजर टाकावी. गुंडाळून रबर लावलेले तक्ते, फ्लॅशकार्डांचे गठ्ठे, कापसाची फुप्फुसे चिकटवलेली मॉडेल्स तिथे वर्षानुवर्षे साचलेली असतात. विद्यार्थी त्यांना 'एव्ही एड्स' म्हणतात. रात्र जागून काढलेल्या, स्केचपेनने किनार मारलेल्या या तक्त्यांमागची मेहनत खोटी नसते. उपकेंद्राच्या ओट्यावर जमलेल्या दहा-पंधरा बायकांपुढे तक्ता धरला जातो, पाठ केलेला हेल्थ टॉक म्हटला जातो, फोटो निघतो आणि तो फाइलला लागतो. गुण मिळतात ते मांडणीला, अक्षराला, रंगसंगतीला. ज्या बाईसाठी तक्ता काढला तिला तो कळला का, यासाठी गुणपत्रिकेत रकाना नसतो. म्हणून कोणी विचारतही नाही.

पुढे तक्त्याची पीपीटी झाली, पीपीटीचे तयार साच्यातले पोस्टर झाले आणि आता पोस्टरचे रील झाले. परीक्षक मात्र तोच राहिला. आरोग्य संवर्धनाची माध्यमे डिजिटल मार्गाने शिकवायची म्हणजे जुना तक्ता पडद्यावर चढवायचा, असा समज ज्यांचा असेल त्यांनी हे पुस्तक उघडण्याची घाई करू नये. ते लिहिले गेले ते नेमके त्या समजाशी भांडण म्हणून.

मार्च 2020 मध्ये कॉलेजे बंद झाली आणि हेल्थ टॉकचे प्रॅक्टिकल घरी येऊन पडले. विद्यार्थिनी घरच्यांपुढे बोलून व्हिडिओ पाठवू लागल्या. माझ्याकडे आलेल्या बहुतेक व्हिडिओंत विशेष काही नव्हते. एका व्हिडिओत मात्र मुलगी जुलाबावर बोलत असताना आजीने मध्येच तोंड घातले : जुलाब लागलेल्या लेकराला आणखी पाणी कशाला पाजायचे, ते तसेच खाली जाणार. मुलगी अडखळली, पाठांतर सुटले आणि पुढची दोन मिनिटे ती आजीशी खरोखर बोलली. शरीरातले किती पाणी निघून गेले आहे, जीभ कोरडी पडते म्हणजे काय, चिमटीत धरलेली कातडी लगेच मागे का जात नाही, हे तिने आजीच्याच हातावर दाखवले. दुसऱ्या दिवशी तिने 'नीट' व्हिडिओ पाठवला. त्यात आजीचे बोलणे कापून टाकले होते.

या विषयाच्या अध्यापनात डिजिटल साधनांनी काय साधते आणि काय निसटते, ते त्या दोन व्हिडिओंत आहे. ओट्यावरच्या हेल्थ टॉकमध्ये तो क्षण आला असता तर वाऱ्यावर गेला असता. अध्यापक तिथे नसतेच. इथे तो जपला गेला, पुन्हा पाहता आला, वर्गापुढे थांबवून विचारता आला : आजीची शंका कुठून आली? आपल्या संहितेत तिचे उत्तर का नव्हते? आणि त्याच साधनाने ती शंका दोन बोटांत कापूनही टाकता आली. डिजिटल अध्ययनाचा खरा लाभ मला तरी हाच दिसतो की कच्चे काम दिसते, ते मोडून पुन्हा करणे जवळजवळ फुकट पडते. कार्डशीटवर रंगवलेला तक्ता कोणी दुसऱ्यांदा रंगवत नाही. फोनवरचा मजकूर चारदा बदलता येतो. अध्यापकांनी हा फरक हेरला नाही, तर उरते ती नुसती चकाकी.

आरोग्याचा निरोप लोकांपर्यंत नेण्याची धडपड मराठी मुलखाला नवी नाही. गाडगेबाबा हातात खराटा घेऊन आधी गाव झाडत आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहत. त्या कीर्तनात प्रश्न बाबांचे असत आणि उत्तरे समोरच्या लोकांकडून काढून घेतलेली. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. अश्लीलतेचे खटले झाले. 1934 सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरला, मासिक थांबले नाही. 1953 साली कर्वे गेले तेव्हाच ते थांबले. माध्यमांच्या विद्यार्थ्याने कर्व्यांकडून धाडस घ्यावेच, पण त्यासोबत त्यांची मर्यादाही पाहावी. जिला दर वर्षी बाळंतपण येत होते त्या बाईला मासिक वाचता येत नव्हते. योग्य मजकूर चुकीच्या वाहनात बसला की असे होते.

वाहन बदलले की सगळे सुटेल, ही आशाही जुनीच. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांत सामुदायिक टीव्ही संच लागले आणि शेती, आरोग्य, कुटुंबनियोजनाचे कार्यक्रम थेट खेड्यात उतरले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. 'साइट' नावाच्या या प्रयोगाने तंत्र चालते हे सिद्ध केले. संच बिघडला तर दुरुस्त कोण करणार आणि पडद्यावरची भाषा गावाची आहे का, हे प्रश्न त्याच वेळी पुढे आले. आपल्याकडे पुण्यात 1984 साली बालचित्रवाणी उभी राहिली, शाळांसाठी चांगले कार्यक्रम निघाले आणि पुढे ती संस्थाच बंद पडली. आज स्वयम् आणि दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचांवर साहित्य भरपूर आहे. साहित्याचा तुटवडा हे आपले दुखणे पूर्वीही फारसे नव्हते.

आता शिकवायचे काय, याकडे वळू. पहिली गोष्ट म्हणजे मोहिमा उलगडून पाहणे, आणि इथे डिजिटल वर्गाला तोड नाही, कारण जाहिरात, तिच्यावरची टीका आणि लोकांनी केलेली तिची टिंगल एकाच बैठकीत समोर ठेवता येते.

मुंबईत 2002 च्या अखेरीस होर्डिंगांवर, बसवर, रेडिओवर एक प्रश्न झळकला : बलबीर पाशाला एड्स होणार का? आधी नुसता प्रश्न. हा बलबीर कोण, याची चर्चा लोकलच्या डब्यात सुरू झाल्यावर मग तपशील आले. दारू प्यायल्यावर तो निरोध विसरतो, एकाच बाईकडे जातो म्हणून स्वतःला सुरक्षित समजतो. एरवी ज्याचे नाव काढायला लोक कचरत तो विषय शहराच्या तोंडी आला, हेल्पलाइनवरचे फोन वाढले. त्याच वेळी टीका झाली की जाहिरातीत रोग बाईकडून येतो आणि पुरुष बिचारा त्यात सापडतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. विद्यार्थ्यांना सहसा एकच बाजू घ्यायची सवय असते. मोहीम यशस्वी की अयशस्वी, एवढे सांगा म्हणतात. एखादी मोहीम लक्ष वेधून घेण्यात यशस्वी होऊन कलंक पसरवण्यातही यशस्वी होऊ शकते, हे पचायला वेळ लागतो.

दुसरे उदाहरण सगळ्यांच्या परिचयाचे. सिनेमागृहात चित्रपटाआधी एकेकाळी दिसणारा मुकेश. मुकेश हराणे हा महाराष्ट्रातलाच तरुण. गुटख्याने झालेल्या तोंडाच्या कर्करोगाने 2009 साली वयाच्या 24 व्या वर्षी गेला. ती फीत इतक्यांदा दाखवली गेली की पोरे तिचा आवाज काढून हसू लागली, मीम्स झाली. यात पोरे निर्दय होती असे म्हणून सुटता येणार नाही. भीती घालणाऱ्या संदेशांबद्दल किम विट यांनी 1992 साली मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. धोका मोठा दाखवला आणि त्यातून बाहेर पडायची वाट दाखवली नाही, तर माणूस धोक्याऐवजी भीतीचाच बंदोबस्त करतो. तोंड फिरवतो, थट्टा करतो, 'आपल्याला काही होत नाही' म्हणतो. तंबाखूच्या पाकिटावर 2009 पासून चित्रे आली, 2016 पासून त्यांनी पाकिटाचा 85 टक्के भाग व्यापला. पण सोडण्यासाठी मदत देणारा फोन क्रमांक पाकिटावर यायला 2018 उजाडले. भीती आधी आणि वाट नऊ वर्षांनी. विद्यार्थ्यांना तंबाखूवर पोस्टर करायला सांगितले की दहांपैकी नऊ जण कवटी काढतात, याचे मला आता आश्चर्य वाटत नाही.

तिसरे उदाहरण अगदी साधे आहे आणि मी त्याच्यावर सर्वांत जास्त वेळ घालवतो. 'एक पुडी, एक लिटर पाणी.' क्षारसंजीवनीवरच्या बहुतेक पोस्टरांवर हेच असते. चूक काय? बाजारात ओआरएसची पाकिटे दोन मापांची मिळतात : मोठे एक लिटरचे आणि छोटे 200 मिलिलिटरचे. छोटी पुडी लिटरभर पाण्यात घातली तर क्षार पाचपट पातळ होतात आणि उपचार नावापुरता उरतो. मोठी पुडी पेलाभर पाण्यात घातली तर ते पाणी फार खारट होऊन बाळाला अपाय होतो. मग लिटर म्हणजे किती, हा प्रश्न. घरात मोजपात्र नसते, तांब्या असतो आणि प्रत्येक घरचा तांब्या वेगळा. पाण्याची लिटरची रिकामी बाटली मात्र आता वाडीवस्तीवरही सापडते. म्हणजे चित्र बाटलीचे हवे, आणि पहिला निरोप 'पाकिटावरचे माप बघा' हा हवा. वाचता न येणाऱ्या बाईसाठी दोन्ही पाकिटे शेजारी शेजारी हवीत. मीठ-साखरेच्या दोन ओळींमागे एवढे काम दडलेले असते. हे काम पुस्तक वाचून होत नाही. मुलांनी पहिला नमुना करावा, फोनमध्ये घेऊन शेजारच्या घरी जावे, काही न समजावता तो दाखवावा आणि 'यात काय सांगितलंय?' एवढेच विचारावे. उत्तर ध्वनिमुद्रित करावे, परवानगी घेऊन. दुसऱ्या दिवशी वर्गात ती उत्तरे ऐकली की आपले सुंदर पोस्टर कुठे फसले ते कोणी सांगावे लागत नाही.

याला व्यवसायात पूर्वचाचणी म्हणतात आणि या पुस्तकातला जवळजवळ प्रत्येक पाठ तिच्याभोवती फिरतो. पाहा, मोडा, करा, दाखवा, पुन्हा करा. मधल्या 'दाखवा'ला पर्याय नाही.

डिजिटल म्हटले की व्हिडिओच, हा आणखी एक हट्ट सोडायला हवा. बिहारमध्ये 2012 साली आशा कार्यकर्तींसाठी 'मोबाइल कुंजी' आली. कड्यात ओवलेले 40 चित्रपत्ते, प्रत्येक पत्त्यावर एक छोटा क्रमांक. आशाताईने गरोदर बाईच्या घरी पत्ता दाखवायचा, साध्या बटणाच्या फोनवरून तो क्रमांक लावायचा आणि फोन दोघींच्या मध्ये ठेवायचा. डॉक्टर अनिता नावाचे पात्र त्या विषयावर बोलायचे. इंटरनेट लागत नव्हते, वाचता येणे लागत नव्हते, सासूसुद्धा ऐकत बसायची. तिच्याच जोडीची 'मोबाइल अकॅडमी' आशांना फोनवरूनच शिकवत होती : सगळा अभ्यासक्रम आवाजात, मध्ये प्रश्न, शेवटी प्रमाणपत्र. शिकवण्याचे माध्यम आणि पुढे वापरायचे माध्यम एकच असले की काय होते, याचा हा उत्तम नमुना. जी स्वतः फोनवरच्या आवाजातून शिकली, तिला तो आवाज कुठे कंटाळवाणा होतो हे सांगावे लागत नाही.

आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' उपक्रमात आरोग्य आणि पोषणावरचे पाठ आहेत, मराठीतही. पाठ छोटा, विषय एक : बाळाला स्तनाशी धरायचे कसे, हात कुठे, मान कशी. पडद्यावर पाहायचे आणि तिथेच करून बघायचे. 'स्तनपानाचे महत्त्व' या विषयावर आपण पिढ्यान्पिढ्या भाषणे ठोकली. ज्या बाईचे स्तनाग्र दुखते आहे तिला महत्त्व माहीत असते, पकड माहीत नसते. आरोग्य माध्यमे शिकणाऱ्याने असा एक पाठ मोजून पाहावा : किती सेकंदांनी चित्र बदलते, किती वेळा 'थांबा आणि करून बघा' येते, कोणता शब्द दवाखान्यातला आणि कोणता घरातला.

भाषेचा प्रश्न इथेच उभा राहतो. पुण्या-मुंबईत बसून आपण 'मराठीत केले' म्हणतो तेव्हा मेळघाटातल्या कोरकू घरात, धडगावच्या पावरी बोलणाऱ्या पाड्यावर किंवा भामरागडच्या माडिया गावात ती दुसरीच भाषा असते. ध्वनिमुद्रण स्वस्त झाल्याने बोलीतला आवाज घेणे आता कोणत्याही कॉलेजला शक्य आहे. त्यासाठी त्याच भागातल्या विद्यार्थ्याला संहितेचे नुसते भाषांतर द्यायचे नाही, मूळ संहिताच त्याच्याकडून लिहून घ्यायची. मेळघाटात आजारी तान्ह्याच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देण्याची, 'डंबा' देण्याची, चाल आहे. तिच्यावर शहरी विद्यार्थ्याने केलेले रील बहुधा रागाचे किंवा टिंगलीचे निघते आणि ते पाहून भुमका, म्हणजे गावातला वैदू, आणि आई दोघेही दार लावून घेतात. ज्याच्या स्वतःच्या पोटावर तो डाग आहे असा विद्यार्थी वेगळे काहीतरी करतो.

आणि फोन कोणाच्या हातात आहे, हेही पाहावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, देशातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया 33 टक्के आणि पुरुष 57 टक्के होते. पुढे आकडे वाढले असतील, दरी एका रात्रीत बुजत नाही. माता-बाल आरोग्यावरचा आपला उत्तम व्हिडिओ प्रत्यक्षात नवऱ्याच्या फोनवर येतो. मग तो नवऱ्याशी बोलतो का? विद्यार्थ्यांच्या बाबतीतही हेच. वर्गातल्या काही मुलींकडे घरात एकच फोन आहे, तो वडील रात्री घरी आल्यावर मिळतो. म्हणून या पुस्तकातला एकही स्वाध्याय असा नाही की जो ध्वनिमुद्रण करता येणाऱ्या साध्या फोनवर आणि कागदावर मिळून पुरा होणार नाही.

काही गोष्टींबद्दल इथे कडक बोलणे भाग आहे. वॉर्डात रील करण्याची जी टूम आली आहे ती थांबली पाहिजे. खाटेवरचा माणूस पार्श्वभूमी नव्हे. चेहरा अस्पष्ट केला की झाले, हा गैरसमज. गळ्यातली माळ, हातावरचे गोंदण, खोलीतला आवाज यांवरून गाव माणसाला ओळखते. संमती लेखी, त्याच्या भाषेत आणि मागे घेता येईल अशी हवी. दुसरे, कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेली चित्रे. ती झटपट निघतात, दिसतात देखणी, आणि त्यांत बाळ भलत्याच पद्धतीने धरलेले असते, मराठी अक्षरे मोडलेली असतात, खेड्यातली बाई सिनेमातली असते. वापरू नका, असे मी म्हणणार नाही. चुका शोधायचा स्वाध्याय म्हणून ती फार कामाची आहेत. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि पायांवर पांढरे पट्टे मिरवतो. यंत्राने काढलेल्या डासाला हे माहीत असेलच असे नाही, आणि यंत्राने काढलेले पार्श्वदृश्य बहुधा गटाराचे असते. एका चित्राने लोकांचे लक्ष पिंपावरून गटाराकडे वळवले की कोरडा दिवस पाळायला सांगणारी आरोग्यसेविका महिनाभर वाद घालत बसते.

व्ह्यूजचे वेड हा तिसरा मुद्दा. करोनाकाळात फोन लावला की आधी खोकला आणि मग सूचना ऐकू यायची. तिच्याइतकी पोहोच कुठल्याच संदेशाला मिळाली नसेल. काही आठवड्यांत लोक तो आवाज संपेपर्यंत फोन कानापासून दूर धरू लागले. पोहोचले म्हणजे ऐकले असे नाही, ऐकले म्हणजे करता आले असेही नाही. 1986 च्या ओटावा सनदेने आरोग्य संवर्धनाचा अर्थ लोकांना स्वतःच्या आरोग्यावर अधिक ताबा मिळवून देणे असा केला, आणि त्यात धोरण, परिसर, लोकांची संघटित कृती, आरोग्यसेवांची फेरमांडणी ही सगळी कामे व्यक्तीच्या कौशल्याइतकीच मोलाची धरली. आपली माध्यमे मात्र सारा भार व्यक्तीवर टाकतात. हात धुवा, पौष्टिक खा, व्यायाम करा. टँकरची वाट पाहणाऱ्या वाडीत 'वीस सेकंद हात धुवा' हे पोस्टर चिडवल्यासारखे दिसते. तिथे विद्यार्थ्याने ग्रामसभेत दाखवायची पाण्याच्या हिशेबाची दोन मिनिटांची फीत केली, तर तीही आरोग्य संवर्धनाचीच माध्यमनिर्मिती होय; किंबहुना मी तिला जास्त गुण देईन.

गुणांचा विषय निघालाच आहे, तर अध्यापकांना एक विनंती करून थांबतो. सगळे स्वाध्याय एकदम घेऊ नका. सत्रात दोनच घ्या, पण प्रत्येकाचे पहिले आणि शेवटचे रूप दोन्ही जमा करून घ्या, आणि निम्मे गुण त्या दोहोंमधल्या फरकाला द्या. फरक का केला, कोणाच्या कोणत्या बोलण्यावरून केला, हे विद्यार्थ्याने आवाजात किंवा कागदावर सांगावे. पुस्तकातले नमुने, संहिता आणि संमतीपत्राचे मसुदे कोणीही वापरावेत, आपल्या बोलीत उतरवावेत, मोडावेत. ओआरएसच्या नमुन्यापासून सुरुवात केलीत तर सोपे जाईल. फक्त त्याआधी जवळच्या औषधाच्या दुकानात जाऊन तिथे कोणत्या मापाची पाकिटे मिळतात ते पाहून या.